नवा बेल्टही किंचाळतो, बॅटऱ्याही भरत नाहीत: जुन्या मोटरहोमचा ऑल्टरनेटर बदलण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुनी डिझेल मोटरहोम घेतली, ती बराच काळ उभी होती. सकाळी इंजिन चालू केलं की बेल्ट किंचाळतो, थोड्या वेळानं गप्प होतो, रात्री हेडलाइट लावले की पुन्हा सुरू होतो. बेल्ट दोनदा बदलला, दुसरा महिन्याभरात ढिला पडला. चार्जिंगचा दिवा पूर्ण विझत नाही, अंधारात मंद दिसतो. दिवसभर गाडी चालवूनही मागच्या, म्हणजे राहण्याच्या भागातल्या बॅटऱ्या भरत नाहीत. गॅरेजवाले म्हणतात ऑल्टरनेटर (बेल्टवर फिरून बॅटऱ्या चार्ज करणारा जनित्र) गेला, आता जास्त अँपिअरचा टाका. टाकू का?

आत्ता नको. आणि मोठा तर अजिबात नको, निदान खाली सांगतो त्या गोष्टी बघून होईपर्यंत तरी. तुमच्या वर्णनात ऑल्टरनेटरमध्ये दोष असण्याची शक्यता आहे, त्या मंद दिव्यामुळे ती नाकारता येत नाही. पण बेल्ट महिन्याभरात ढिला पडतो, याचं उत्तर ऑल्टरनेटर बदलून मिळणार नाही. नवा बसवलात तर तोही त्याच झिजलेल्या बोल्टवर लटकेल, त्याच गंजलेल्या वायरींतून करंट ढकलेल आणि त्याच रिकाम्या बॅटऱ्या भरत बसेल.

मोटरहोमच्या बाबतीत एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्यायला हवी. साध्या कारमध्ये सेल्फ मारताना बॅटरीतून जे गेलं ते काही मिनिटांत भरून निघतं आणि ऑल्टरनेटरवरचा भार उतरतो. मोटरहोममध्ये मागे समजा १०० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या आहेत आणि रात्रभर वापरून त्या अर्ध्या झाल्यात, तर १०० अँपिअर-तास परत भरायचे असतात. म्हणजे ऑल्टरनेटर मिनिटं नव्हे, तासन्‌तास ओढला जातो. आता हिशेब करा: १४ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १४०० वॅट. जुन्या ऑल्टरनेटरची कार्यक्षमता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे बेल्टला त्याच्या पुलीवर अडीच किलोवॅट, म्हणजे साधारण तीन-साडेतीन अश्वशक्ती पोचवावी लागते. तीही मुठीएवढ्या पुलीवरून, जिच्याभोवती बेल्ट जेमतेम अर्धा वेढा घेतो. कारमध्ये वर्षानुवर्षं कुणाला न जाणवलेला बारीकसा ढिलेपणा मोटरहोममध्ये रोज सकाळी ओरडून दाखवतो तो यामुळे. म्हणून मी अशा गाडीत बेल्ट, बॅटऱ्या आणि ऑल्टरनेटर या तीन वेगळ्या तक्रारी धरत नाही. एका टोकाला भार आहे, दुसऱ्या टोकाला बेल्ट फिरवणारी इंजिनची क्रँक पुली आहे, आणि मधे कुठेतरी कमजोर जागा आहे. ती शोधायची.

तुमची गाडी मी बघितलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच पाहून ठरवाव्या लागतील. बेल्ट साधा व्ही आहे की अनेक नाळ्यांचा चपटा? त्याच बेल्टवर वॉटर पंप फिरतो का? मागच्या बॅटऱ्या रिलेनं (करंटनं चालणाऱ्या स्विचनं) जोडल्यात की डायोडच्या (करंट एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागाच्या) आयसोलेटरनं? आणि जुन्या डिझेलमध्ये हे जरूर बघा: ब्रेकचा व्हॅक्यूम पंप ऑल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला आहे का? काही जुन्या डिझेल इंजिनांत तो तिथेच असतो. असेल तर बेल्ट तुटणं ही फक्त चार्जिंगची गोष्ट राहत नाही, ब्रेकचा सर्वोही, म्हणजे पेडलला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही, जाते. शिवाय त्या पंपाला इंजिन ऑइल पुरवलेलं असतं, आणि मधलं सील गळालं की ऑइल ऑल्टरनेटरच्या आत जाऊन ब्रश आणि स्लिप रिंगा (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे भाग) खराब करतं. ऑल्टरनेटरची मागची बाजू तेलकट दिसली तर आधी ते सील बघा. बेल्ट कुठला ते तुम्ही सांगितलेलं नाही, पण वर्णनावरून साधा व्हीच वाटतो, म्हणून मी तो धरून लिहितो.

हात घालण्याआधी दोन गोष्टी. ऑल्टरनेटरचा जाड वायरीचा खांब, बी प्लस, चावी बंद असतानाही थेट बॅटरीशी जोडलेला असतो. त्याला पाना लावायचा असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. मोटरहोममध्ये मागच्या बॅटऱ्यांचंही काढा, आणि बाहेरून वीज जोडलेली असेल तर तीही. दुसरं, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘ऑल्टरनेटर चालतो का’ बघण्याची जुनी सवय कृपा करून वापरू नका. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं आणि ऑल्टरनेटरचा डायोड किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जळू शकतो. धडधाकट ऑल्टरनेटर या एका चाचणीनं मरतो.

आता मीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, इंजिनच्या बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज मोजा. साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ दिसतं, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग इंजिन चालू करून आयडलिंगपेक्षा थोडं वर, मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा आणि पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर ऑल्टरनेटर निदान काम करतोय. १३ च्या खाली अडकलं तर करंट निर्माण होत नाही किंवा पोचत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला. मग जास्त न चालवता थांबा, कारण तेवढ्या व्होल्टेजला बॅटऱ्या उकळतात.

मग ती चाचणी करा जी मी मोटरहोममध्ये सगळ्यात आधी करतो. इंजिन बंद करा, मागच्या बॅटऱ्यांच्या चार्जिंग वायरीतला मोठा फ्यूज काढा, म्हणजे ऑल्टरनेटरला फक्त पुढची बॅटरी दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्यासारखंच थंड इंजिन चालू करा. बेल्ट ओरडला नाही आणि चार्जिंगचा दिवा नीट विझला, तर बेल्टला साध्या भारापुरती पकड आहे, मागच्या बॅटऱ्यांचा भार मात्र पेलवत नाही. तरीही ओरडला, तर दोष पुढेच आहे: ताण, पुली, बोल्ट किंवा बेअरिंग. एक फ्यूज काढून अर्धी शोधाशोध संपते, म्हणून याला इतकं महत्त्व देतो.

मंद दिव्याबद्दल स्वतंत्रपणे सांगतो, कारण तो बरंच काही बोलतो. जुन्या ऑल्टरनेटरमध्ये या दिव्याच्या एका बाजूला चावीतून आलेलं व्होल्टेज असतं आणि दुसऱ्या बाजूला ऑल्टरनेटरचं डी प्लस टर्मिनल. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज असेल तर दिवा विझतो. मंद जळतो म्हणजे दोन्हीकडे फरक आहे. आयडलिंगला जळतो आणि रेस केल्यावर विझतो, तर बेल्ट सरकतोय किंवा ऑल्टरनेटर कमी फेऱ्यांना पुरत नाही. रेस केल्यावर उलट जास्त उजळतो, तर डायोडवर किंवा बी प्लसच्या वायरीतल्या खराब जोडावर संशय घ्या. आणि चावी लावल्यावर, इंजिन बंद असताना, तो पूर्ण तेजानं पेटायलाच हवा. नाही पेटला तर आधी बल्ब बघा. बऱ्याच जुन्या ऑल्टरनेटरना उठायला लागणारा सुरुवातीचा करंट याच बल्बमधून येतो; बल्ब गेला तर इंजिन चांगलं रेस करेपर्यंत चार्जिंग सुरूच होत नाही. मोटरहोममध्ये आणखी एक भानगड असते: फ्रिजचा रिले, मागच्या बॅटऱ्यांचा रिले, कधी पायरीचा बझरसुद्धा, सगळं आधीच्या मालकांनी डी प्लसवरच जोडून ठेवलेलं असतं. त्या टर्मिनलची ताकद फार थोडी असते. तिथून किती वायरी निघतात ते मोजा.

आता बेल्टकडे. आवाज कधी येतो ते तुम्ही नेमकं सांगितलंत, त्याचा उपयोग आहे. थंड इंजिन चालू झाल्यावर आणि हेडलाइट लावल्यावर, म्हणजे भार वाढला की लांबलचक किंचाळी: हे सरकण्याचं लक्षण. पुली सरळ रेषेत नसेल तर आवाज वेगळा असतो, चिवचिव, तालात, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढणारा. खात्री करायची असेल तर स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी घ्या, इंजिन चालू असताना बाह्या आणि हात दूर ठेवून बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं मारा. आवाज वाढला तर ताण कमी. क्षणभर थांबून परत आला तर पुलींची रेष चुकलेली. बेल्टवर मारायचे चिकट स्प्रे बाजारात मिळतात, ते वापरू नका. आवाज काही काळ दबतो, खरं कारण लपतं आणि त्या चिकट थरावर धूळ बसून पुली आणखी घासते.

इंजिन बंद करून, बेल्ट काढून, टॉर्चनं पुलीच्या खाचेत बघा. व्ही बेल्टची पकड दोन्ही उतरत्या भिंतींवर असते, तळाला तो टेकायलाच नको. खाचेचा तळ आरशासारखा चकचकीत असेल तर बेल्ट तळाला टेकून फिरतोय. मग तुम्ही कितीही ताणा, तो सरकणारच. याची दोन कारणं: भिंती झिजून पोकळ झाल्यात किंवा बेल्ट रुंदीला कमी आहे. दहा मिलिमीटर आणि तेरा मिलिमीटरच्या पुल्या नजरेला फार वेगळ्या दिसत नाहीत, आणि दुकानात फक्त लांबी जुळवून बेल्ट देण्याचा प्रकार सर्रास होतो. नवा बेल्ट पुलीच्या कडेशी जवळपास समपातळीत बसायला हवा. खोल बुडलेला दिसला तर तो बेल्ट तुमच्या पुलीचा नाही, किंवा ती पुली आता कुठल्याच बेल्टच्या कामाची नाही. गाडी बराच काळ उभी होती म्हणता, तर पुलीच्या भिंतींवर गंज चढला असेल. तो गंज नव्या बेल्टच्या बाजू कानशीसारखा खातो. बेल्ट काढलेलाच आहे तर बारीक पॉलिश पेपरनं भिंती गुळगुळीत करून पुसून घ्या. ऑइल किंवा कूलंटचा ओलावा दिसला तर आधी गळती बंद करा. तेल प्यायलेला बेल्ट पुसून पुन्हा वापरायचा नसतो.

आणि आता ती जागा, जिथे महिन्याभरात ढिला पडणाऱ्या बेल्टचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडतं. जुन्या इंजिनावर ऑल्टरनेटर खाली एका लांब बोल्टवर लटकलेला असतो आणि वर लांबट खाच असलेल्या पट्टीनं ताणून धरलेला असतो. त्या खालच्या बोल्टभोवती बुश असते. वर्षानुवर्षांच्या थरथरीनं बुश झिजते, ब्रॅकेटचं भोक गोल राहत नाही, लंबगोल होतं. बेल्ट ताणला की ऑल्टरनेटरचं नाक इंजिनकडे झुकतं. उभ्या इंजिनावर अंगठा दाबून बघता तेव्हा ताण बरोबर वाटतो; पण भार आला की तो थोडा वळतो, बेल्ट ढिला होतो, पुली तिरकी होते आणि एका बाजूनं बेल्ट घासत राहतो. तपासायला सोपं आहे. बेल्ट चढवलेला असताना, इंजिन बंद ठेवून, ऑल्टरनेटर दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे जोरानं हलवा. अजिबात हलता कामा नये. बोल्टाच्या डोक्याभोवती आणि ब्रॅकेटच्या सांध्यात बारीक विटकरी रंगाची पूड दिसली, तर तिथे लोखंड लोखंडावर घासतंय हे नक्की. काळी पूड फक्त बेल्टच्या एकाच बाजूला, शेजारच्या कव्हरवर उडालेली दिसली, तर पुली तिरकी आहे.

उपाय महाग नाही, वेळखाऊ आहे. बोल्ट आणि बुश नवी घ्या, भोक फारच मोठं झालं असेल तर लेथवाल्याकडून बुशिंग करून घ्या, ब्रॅकेटला तडा नाही ना ते साफ करून बघा. मग सरळ धारेची पट्टी क्रँक पुली आणि ऑल्टरनेटरच्या पुलीवर आडवी टेकवून रेष जुळवा. फरक असेल तर बोल्टावर वॉशर घालून सारखा करा. रीबिल्ड केलेला ऑल्टरनेटर पूर्वी कधी बसवला असेल तर त्याची पुली मूळच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे असणं अगदी नेहमीचं आहे.

ताण देताना पहार ऑल्टरनेटरच्या पुढच्या, जाड भागाला लावा. मागचं ॲल्युमिनियम पातळ असतं, तडकतं. किती ताणायचं हे तुमच्या इंजिनच्या पुस्तकात असेल तर तोच आकडा खरा. नसेल तर सर्वात लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्यानं चांगला जोर दिल्यावर १० मिलिमीटरच्या आसपास दबावं. फार कसलात तर ऑल्टरनेटरच्या पुढच्या बेअरिंगवर आणि त्याच बेल्टवर असेल तर वॉटर पंपाच्या बेअरिंगवर भार येतो, आणि ती दोन्ही कामं बेल्टपेक्षा खूप खर्चिक. नवा व्ही बेल्ट सुरुवातीला पुलीत बसतो आणि थोडा सैल होतो. म्हणून तो चढवल्यावर दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून, बंद करून, पुन्हा ताण बघायचा. मग शे-दोनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. तुमच्या दोन्ही बेल्टना ही दुसरी ताणणी मिळाली होती का, हे गॅरेजला विचारा. जोडीचे दोन बेल्ट असतील तर एकटा कधी बदलू नका. जुना लांबलेला असतो आणि सगळा भार नव्यावर येतो.

बेल्ट चपटा, नाळ्यांचा निघाला तर ताण आपोआप देणारा टेन्शनर असतो, तेव्हा त्याचा हात आयडलिंगला नाचतो का आणि आयडलर पुली हातानं फिरवल्यावर खरखरते का ते बघा. आणखी एक, अशा बेल्टचं आजचं रबर जुन्यासारखं तडकत नाही. तडे नाहीत म्हणून बेल्ट चांगला, हे आता खरं धरता येत नाही. नाळ्यांची खोली झिजून वाढलेली असते.

बेल्ट काढलेला असतानाच ऑल्टरनेटर हातानं फिरवा. गुळगुळीत फिरून हळूच थांबायला हवा. खरखर, अडखळणं, किंवा पुली वर-खाली हलली तर बेअरिंग. ब्रश किंचित घासल्याचा मऊ आवाज येईल, तो ठीक आहे. वॉटर पंपाची पुलीही त्याच वेळी हलवून बघा, पुन्हा बेल्ट उतरवायला लागू नये.

बेल्टची बाजू पक्की झाली की वायरी. हा भाग लोक टाळतात, पण जुन्या मोटरहोममध्ये निम्मी चूक इथे असते, कारण मागच्या बॅटऱ्या ऑल्टरनेटरपासून कित्येक मीटर लांब आणि वायरी त्या काळच्या लहान भाराच्या हिशेबानं टाकलेल्या. व्होल्टेज किती गळतं ते भाराखालीच कळतं. फ्यूज परत लावा, इंजिन १५०० फेऱ्यांवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटरची एक टोकणी ऑल्टरनेटरच्या बी प्लसवर, दुसरी इंजिनच्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. मग एक ऑल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, इथे ०.२ च्या आत. जास्त आला तर इंजिन ते चासी जाणारा अर्थिंगचा पट्टा काढून बघा. वरून धडधाकट दिसतो, पण टोकाच्या लगच्या (धातूच्या कडीच्या) आत तांबं हिरवं पडलेलं असतं. मग तेच मागच्या बॅटऱ्यांपर्यंत मोजा.

समजा पुढे १४.२ आहे आणि मागे पोचतात १३.३. मग बॅटऱ्या दिवसभरात का भरत नाहीत, याचं उत्तर मिळालं. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला १४ च्या वरचं व्होल्टेज तिला बराच वेळ मिळावं लागतं, १३.३ ला ती कुठेतरी मधेच रेंगाळते. जुना डायोडचा आयसोलेटर असेल तर तो एकटाच ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो, तो चांगला असतानाही. त्या जागी योग्य क्षमतेचा व्होल्टेज बघून जोडणारा रिले आणि जाड वायर टाकली, तर बऱ्याच गाड्यांत मागच्या बॅटऱ्यांची तक्रार तिथेच मिटते. तीन प्रकारे चालणारा फ्रिज असेल तर तोही लक्षात घ्या. गाडी चालताना १२ व्होल्टवर तो दहा ते पंधरा अँपिअर सहज घेतो, आणि तो मागच्याच पातळ वायरीवर असेल तर बॅटऱ्यांच्या वाट्याला थोडंच उरतं.

मागे लिथियम बॅटऱ्या बसवल्या असतील, किंवा बसवायच्या असतील, तर हे नीट वाचा. लिथियम आयर्न फॉस्फेटचा आतला रोध इतका कमी असतो की ती ऑल्टरनेटरकडून मिळेल तेवढं, अगदी शेवटपर्यंत, ओढत राहते. जुना ऑल्टरनेटर पूर्ण क्षमतेवर तासन्‌तास चालायला बनवलेला नसतो. आयडलिंगला तर त्याचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, आणि ऑल्टरनेटर जळतो. शिवाय बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटनं अचानक तोडलं तर आधी सांगितलेली व्होल्टेजची उसळी येते. अशा ठिकाणी मधे डीसी-टू-डीसी चार्जर हवाच, तो करंटला मर्यादा घालतो. बेल्ट किंचाळण्याचा एक चांगला इलाजही तोच आहे, लेड-ॲसिड असतानासुद्धा: ३० अँपिअरचा चार्जर लावला की मागचा भार कायमचा आटोक्यात राहतो आणि व्होल्टेजही योग्य मिळतं. मोठ्या ऑल्टरनेटरपेक्षा मी नेहमी हा मार्ग सुचवतो. एकेरी व्ही बेल्टवर ८०-१०० अँपिअरच्या पुढचा ऑल्टरनेटर टाकला तर वाढीव ताकद कागदावरच राहते. बेल्ट ती पोचवू शकत नाही, आणि तुमची किंचाळी दुप्पट होते.

एवढं सगळं ठीक निघालं आणि दिवा तरीही मंद जळत असेल, तर मात्र ऑल्टरनेटरच. डायोड तपासायला मीटर एसी व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू, भार चालू, टोकण्या बॅटरीवर. चांगल्या ऑल्टरनेटरला अगदी थोडं दिसतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड गेलेला. आधी इंजिन बंद असताना तेच मोजून बघा. काही स्वस्त मीटर एसीच्या खुणेवर डीसीही मोजून भलताच आकडा दाखवतात. बंद इंजिनवर शून्याच्या जवळ आला तरच पुढच्या आकड्यावर विश्वास ठेवा. मीटरशिवायची एक खूणही आहे: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, ऑल्टरनेटरला हात लावा. आजूबाजूचं इंजिन गार आणि तो कोमट असेल, तर शॉर्ट झालेल्या डायोडमधून बॅटरी रात्रभर त्याच्यात उतरतेय.

दोष गाडी तासभर चालल्यावरच दिसत असेल तर थंड इंजिनवर मोजून काही कळणार नाही, गरम असतानाच मोजा. बहुतेक वेळा ब्रश झिजलेले असतात. पुष्कळ जुन्या ऑल्टरनेटरमध्ये ब्रश आणि रेग्युलेटर एकत्र, मागे दोन स्क्रूंवर असतात आणि पाच-दहा मिनिटांत निघतात. मूळ ऑल्टरनेटरचं अंग आणि स्लिप रिंगा चांगल्या असतील तर मी तो बदलण्यापेक्षा चांगल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून बेअरिंग, ब्रश आणि डायोडचा सेट घालून घेतो. मूळचा आपल्या ब्रॅकेटवर नक्की बसतो, पुलीची रेष चुकत नाही.

तोवर गाडी रस्त्यावर काढणार असाल तर एवढं पाळा. आत्ता चढवलेल्या बेल्टचा नंबर लिहून ठेवा आणि तसाच एक, तो बदलायला लागणाऱ्या पान्यांसकट, गाडीत ठेवा. इंजिन केबिनच्या आतल्या कव्हरखाली असेल तर ते उघडायला काय लागतं ते घरीच करून बघा, रस्त्याच्या कडेला अंधारात पहिल्यांदा नको. चालताना दिवा अचानक पूर्ण पेटला तर पहिली नजर तापमानाच्या काट्यावर. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर सुरक्षित जागा दिसताच लगेच थांबा, ‘पुढच्या गावापर्यंत’ असं करू नका. तापून इंजिनचं हेड खराब व्हायला काही मिनिटं पुरतात. व्हॅक्यूम पंप ऑल्टरनेटरवर असेल तर ब्रेकचं पेडल दोन-तीन दाबांनंतर दगडासारखं होईल, ब्रेक लागतील पण पायाचा सगळा जोर लागेल; वेग आधीच उतरवा, पेडल उगाच पुन्हापुन्हा दाबू नका. यातलं काहीच त्या बेल्टवर नसेल आणि डिझेलचा पंप यांत्रिक असलेलं जुनं इंजिन असेल, तर फ्रिज, ब्लोअर, मागचा भार सगळं बंद करून दिवसाउजेडी पुढच्या बॅटरीवर बरंच अंतर जाता येतं. फक्त मधे इंजिन बंद करू नका.

आता मला चार गोष्टी कळवा: सकाळचं आणि १५०० फेऱ्यांवरचं व्होल्टेज, मागचा फ्यूज काढल्यावर किंचाळी राहिली की गेली, बी प्लस ते बॅटरी आणि मागच्या बॅटऱ्यांपर्यंतचा फरक, आणि ऑल्टरनेटर हातानं हलवल्यावर किती हलला. जमलं तर खालच्या बोल्टाचा आणि पुलीच्या खाचेचा जवळून काढलेला फोटोही पाठवा. ऑल्टरनेटर उतरवायचा की नाही, ते त्यावरून सांगतो.